चाकावर हात ठेवून उभी असलेली कॅथरीन

दिवाळीत पोरं अंगणात भुईचक्र लावतात, तेव्हा कोणा संत स्त्रीची आठवण यायचं काही कारण नाही. पण इंग्रज लोक भुईचक्राच्याच जातीच्या, खांबाला ठोकून गरगरा फिरवायच्या फटाक्याला 'कॅथरीन व्हील' म्हणतात. म्हणजे कॅथरीनचं चाक. ही कॅथरीन म्हणजे इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहराची संत कॅथरीन, आणि ते चाक तिच्या छळासाठी बनवलेलं. माणसाला मारायचं यंत्र पुढे पोरांच्या खेळण्यात जाऊन बसलं, याला काय म्हणावं! आणखी एक गंमत सांगते. आपल्या सिनेमातल्या कतरिनाचं नावसुद्धा याच कॅथरीनचं एक रूप आहे बरं का.

या कॅथरीनचं एक चित्र आहे, पाचशे वर्षांपूर्वीचं. इटलीत राफाएल नावाच्या चित्रकाराने ते साधारण १५०७ साली काढलं आणि आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्या चित्राविषयी लिहायचं बरेच दिवस मनात होतं. तुम्ही म्हणाल, पांढरकवड्यात बसून लंडनच्या चित्राचं काय पडलंय हिला? तर मैत्रिणींनो, ही बाई आपल्याला वाटते तेवढी लांबची नाही. आपल्यातल्या कितीतरी जणी गोव्याला जाऊन आल्या आहेत, आणि तिच्याच घरात पाय ठेवून आल्या आहेत.

ट्रिपची बस जुन्या गोव्याला थांबते. फादरचं शव असलेलं चर्च बघायची सगळ्यांना घाई. त्याच्यासमोर रस्त्यापलीकडे पांढरंशुभ्र, प्रचंड मोठं दुसरं चर्च आहे, त्याला 'से कॅथेड्रल' म्हणतात. समोरून बघितलं तर ते एका बाजूने उणं वाटतं, कारण त्याचा एक मनोरा १७७६ साली पडला आणि पुन्हा बांधला गेलाच नाही. आपण आत जातो, 'केवढं उंच!' म्हणतो, फोटो काढतो आणि गाईडने हाक मारली की बाहेर पडतो. ते चर्च या कॅथरीनच्या नावाचं आहे. पोर्तुगीजांच्या अल्बुकर्कने गोवा जिंकला तो दिवस २५ नोव्हेंबर १५१०, आणि २५ नोव्हेंबर हा संत कॅथरीनचा सण. त्यामुळे विजयाचं श्रेय तिला देऊन आधी तिच्या नावाने लहानसं देऊळ, म्हणजे चॅपेल, बांधलं गेलं. आताच्या मोठ्या चर्चचं काम १५६२ साली सुरू झालं आणि ते १६१९ पर्यंत चाललं. मुख्य वेदीच्या मागची सोनेरी नक्षी नीट बघितली तर कॅथरीनच्या आयुष्यातले प्रसंग तिथे लाकडात कोरलेले दिसतात.

आता एका शहाण्या मुलीचं नाव तलवारीने जिंकलेल्या गावाला चिकटवावं, हे मला काही फारसं रुचत नाही. पण इतिहास आपल्याला विचारून घडत नाही.

तर कॅथरीनची गोष्ट अशी सांगतात. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला अलेक्झांड्रियात मोठ्या घराण्यातली एक तरुण मुलगी होती. रूपाने देखणी, आणि त्याहून जास्त म्हणजे शिकलेली. त्या वेळी सम्राट मॅक्सेंटियस ख्रिस्ती लोकांचा छळ करत होता. ही पोरगी सरळ त्याच्यासमोर गेली आणि तुझं चुकतंय म्हणाली. सम्राटाने पन्नास पंडित बोलावले. एका पोरीला गप्प करायला पन्नास पुरुष! वादात ते हरले, इतकंच नाही तर तिचंच म्हणणं त्यांना पटलं. चिडलेल्या सम्राटाने त्या पंडितांनाच जाळून मारलं. मग त्याने कॅथरीनला लग्नाचं आमिष दाखवलं, तिने नकार दिला. शेवटी टोकदार खिळे ठोकलेलं चाक तयार करून तिला त्यावर चिरडायचं ठरलं. पण तिचा हात लागला आणि ते चाकच फुटून गेलं. मग तलवारीने तिचं मुंडकं उडवलं. देवदूतांनी तिचा देह सिनाई पर्वतावर नेला, असं म्हणतात, आणि त्या पर्वताच्या पायथ्याशी तिच्या नावाचा मठ आजही आहे.

अशी बाई खरोखर होऊन गेली का, याबद्दल इतिहासाच्या अभ्यासकांना दाट शंका आहे. चर्चनेही १९६९ साली तिचा सण आपल्या मुख्य दिनदर्शिकेतून काढला होता आणि २००२ साली परत घेतला. पण लोकांनी काही तिला सोडलं नव्हतं. विद्यार्थी तिला आपली मानत, लग्न न झालेल्या मुली मानत, आणि चाकावर पोट असलेली सगळी माणसं मानत. म्हणजे गाडीची चाकं करणारे, कुंभार आणि सूत कातणाऱ्या बायका. आपल्या या कापसाच्या मुलखात कोणी कॅथरीनला ओळखत नसलं, तरी तिकडच्या कातणारणींची ती पाठीराखी होती.

आता चित्राकडे येऊ. केळापूरच्या जगदंबेला आपण जातो तेव्हा देवीच्या हातात काय आहे हे कोणी आपल्याला शिकवायला लागत नाही. शंख-चक्र दिसलं की विष्णू, वीणा दिसली की सरस्वती, वाघ-सिंह नि त्रिशूळ दिसलं की अंबाबाई. तिकडच्या चित्रांतही अशीच खूण असते. शंभर संत स्त्रियांमधून कॅथरीन ओळखायची तर चाक बघायचं. इतर चित्रांत तिच्याजवळ आणखी बऱ्याच वस्तू असतात. पंडितांना हरवलं म्हणून पुस्तक, मोठ्या घरची म्हणून मुकुट, मुंडकं उडवलं म्हणून तलवार, आणि धर्मासाठी जीव दिला म्हणून खजुरीच्या जातीच्या झाडाची फांदी. राफाएलने मात्र यातलं सगळं काढून टाकलं आणि एक चाक तेवढं ठेवलं.

चित्र काही मोठं नाही. अडीच फुटांपेक्षा जरा कमी उंच, पावणेदोन फुटांच्या आसपास रुंद. लाकडी फळीवर तेलरंगात काढलेलं. त्यात एक तरुण बाई गुडघ्यांपर्यंत दिसते. डावा हात चाकाच्या कडेवर टेकलेला, उजवा हात छातीवर. ओठ किंचित उघडे. मान वर वळलेली आणि नजर आकाशाच्या कोपऱ्याकडे लागलेली, जिथून सोनेरी किरणं खाली येत आहेत. डोक्यामागे प्रभावळ आहे, पण इतकी पुसट, की शोधावी लागते. अंगावर लाल वस्त्र, त्याचं अस्तर पिवळं, बाह्या हिरव्या. लाल हा तिकडे बलिदानाचा रंग, रक्ताचा. पण इथे तो लाल अंगावर येत नाही. मागे पाणी आहे, झाडं आहेत, लांबवर टेकड्या आहेत, सगळं शांत. जल्लाद नाही, सम्राट नाही, बघ्यांची गर्दी नाही.

उभी कशी आहे तेही बघा. सगळा भार एका बाजूला, कंबर एकीकडे, खांदे दुसरीकडे, मान तिसरीकडे. आपल्या कृष्णाच्या मूर्तीला आपण त्रिभंग म्हणतो ना, साधारण त्यातला प्रकार. राफाएल तेव्हा चोवीस वर्षांच्या आसपासचा पोरगा होता. उर्बिनो या गावातून फ्लॉरेन्सला आला होता आणि लिओनार्दो, मायकेलअँजेलो यांची कामं बघून बघून शिकत होता. शरीराला असा पीळ देऊन उभं करणं त्याने लिओनार्दोकडूनच उचललं, असं जाणकार मानतात. त्याची आई तो आठ वर्षांचा असताना गेली आणि बाप अकराव्या वर्षी. बायकांचे चेहरे त्याने आयुष्यभर इतक्या मायेने काढले, त्याचा याच्याशी संबंध जोडायचा मोह मलाही होतो. पण तसं ठामपणे म्हणता येत नाही, म्हणून सोडून देते.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, शिवणकाम-भरतकाम करणाऱ्या मैत्रिणींना ती फार आवडेल. या चित्राचं आधी काढलेलं पूर्ण आकाराचं रेखाटन पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, आणि त्याच्या रेषांवर सुईने बारीक बारीक भोकं पाडलेली आहेत. रेषेवर भोकं पाडायची, कागद फळीवर ठेवायचा, वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची, की खाली ठिपक्यांनी चित्र उमटतं. ब्लाऊजवर डिझाईन उतरवताना आपण ट्रेसिंग पेपरला भोकं पाडून वरून रॉकेल आणि नीळ फिरवतो, अगदी तीच युक्ती! पाचशे वर्षांत सुई काही बदलली नाही.

हे चित्र मी आमच्या भिशीत मोबाईलवर दाखवलं होतं, आधी काही न सांगता. दहा-बारा जणी होत्या. एकीने विचारलं, "हे कोणाची वाट पायते वं?" दुसरी म्हणाली, "वाट नाई पायत, कोणी तरी हाक मारली तिले." तिसरीला ती गाणं म्हणतेय असं वाटलं. आणि आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर काकू चष्मा वर करून म्हणाल्या, "दळण झालं असन. जात्यावर हात टेकून उभी हाये बिचारी."

जातं! सगळ्या हसल्या, पण मला काकूंचं म्हणणं फार पटलं. कारण आपल्याकडे गोल दगडाजवळची संत म्हणजे जनाबाई. घरोघरच्या कॅलेंडरवरचं ते चित्र डोळ्यांसमोर आणा. जनाबाई दळतेय आणि विठ्ठल समोर बसून खुंटा ओढतोय. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचं जातं म्हणून आजही दाखवतात. त्या चित्रात जातं नसेल तर ती जनाबाई वाटणारच नाही. मात्र जातं रोजच्या कष्टाचं, कोणी ते तिला मारण्यासाठी बनवलेलं नव्हतं. मग काकूंना मी चाकाची खरी गोष्ट सांगितली. त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मंग त्यावर हात ठेवून इतकी निवांत कशी उभी हाये हे?"

चित्राचं सगळं मर्म या प्रश्नात आहे. ज्याने आपले तुकडे व्हायचे होते, त्यावर ती घराच्या कठड्यावर टेकावं तशी टेकली आहे. राफाएलने चाकाच्या खिळ्यांची टोकंसुद्धा बोथट करून टाकली आहेत, गोल गोट्यांसारखी. हात ठेवला तरी बोचणार नाहीत. भीती संपून गेल्यानंतरचा क्षण त्याने पकडला, असं मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं होतं, आणि आजही वाटतं. मोठ्या आजारपणातून किंवा कोर्टकचेरीतून बाहेर पडलेल्या बाईच्या चेहऱ्यावर कधी कधी असं काही दिसतं. दुःख असतं, पण ते आता तिला चावत नाही.

तरीही माझी या चित्राशी एक तक्रार आहे. पुस्तक कुठे गेलं? ज्या मुलीने पन्नास पंडितांना हरवलं, तिची विद्या राफाएलने गाळली आणि तिचं सोसणं तेवढं ठेवलं. तेही इतकं सुंदर करून, की बघणाऱ्याला त्रास होऊ नये. आपल्या कान्होपात्रेचंही असंच होतं. मंगळवेढ्याच्या गणिकेची ही मुलगी, बिदरच्या बादशहाचं बोलावणं आलं तेव्हा त्याच्याकडे जाण्यापेक्षा विठ्ठलाच्या पायाशी तिने प्राण सोडला. पंढरपूरच्या देवळात तिच्या नावाचं झाड दाखवतात. आपण नमस्कार करतो ते त्या शेवटच्या क्षणाला. तिने अभंग रचले, आपली लाज आणि संताप शब्दांत मांडला, हे किती जणींना माहीत असतं? कॅथरीनने सम्राटाला नकार दिला, कान्होपात्रेने बादशहाला. दोघींच्या नकारापेक्षा त्यांचं मरण जास्त लक्षात राहिलं.

म्हणून मला दुसरं एक चित्र त्याच्या शेजारी ठेवून बघावंसं वाटतं. तेही नॅशनल गॅलरीतच आहे, आणि ते एका बाईने काढलेलं आहे.

तिचं नाव आर्टेमिसिया जेंटिलेस्की. जन्म १५९३, रोम. बाप चित्रकार, त्याच्याच हाताखाली शिकली. ती सतरा-अठरा वर्षांची असताना, १६११ साली, बापाच्या ओळखीच्या ताॅसी नावाच्या चित्रकाराने तिच्यावर बलात्कार केला. पुढच्या वर्षी खटला चालला. ती खरं बोलतेय की खोटं, हे ठरवण्यासाठी कोर्टात छळ केला गेला तो तिचा! तिच्या बोटांभोवती दोऱ्या बांधून त्या आवळल्या. चित्रकाराची बोटं ती. तरी तिने जबानी बदलली नाही. ताॅसी दोषी ठरला.

त्यानंतर ती लग्न करून फ्लॉरेन्सला गेली आणि १६१५ ते १६१७ च्या सुमारास तिने एक चित्र काढलं. संत कॅथरीनचं. चेहरा मात्र स्वतःचा. डोक्यावर मुकुट, एका हातात बलिदानाची फांदी, आणि दुसरा हात चाकावर. पण हे चाक मोडलेलं आहे, आणि त्याचे लोखंडी खिळे चांगले टोकदार आहेत. बोटं त्या खिळ्यांच्या अगदी जवळ. मागे नदी नाही, टेकडी नाही, नुसता अंधार. आणि ती वर आकाशात बघत नाही. सरळ तुमच्याकडे बघते. नजर हटवत नाही, रडत नाही, विनवणीही करत नाही. तुम्हीच थोड्या वेळाने डोळे दुसरीकडे वळवता.

दोन्ही चित्रांत गोष्ट तीच, चाक तेच, पण भाव किती वेगळा! राफाएलच्या कॅथरीनला देवाकडून उत्तर येतंय आणि ते ऐकताना ती आपल्याला विसरली आहे. आर्टेमिसियाची कॅथरीन आपल्याला विसरू देत नाही. आमच्या भिशीत दोन्ही चित्रं दाखवली तर सरळ दोन गट पडले. अर्ध्या जणी म्हणाल्या पहिलीच चांगली, बघून मन थंड होतं, दुसरीची भीती वाटते. बाकीच्यांचं म्हणणं, दुसरीच खरी. नुकतीच लग्न झालेली एक मुलगी म्हणाली, "पहिलीचा फोटो मी हॉलमध्ये लावीन. दुसरीचा स्वयंपाकघरात, मलेच दिसन असा."

हे सगळं लिहिताना मला आपल्या भागातले फोटो आठवत राहतात. यवतमाळ जिल्ह्याचं नाव गेल्या वीस-पंचवीस वर्षांत देशभर झालं ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. बाहेरगावचे फोटोग्राफर येतात आणि एकच चित्र पुन्हा पुन्हा काढून नेतात. कुडाची किंवा मातीची भिंत, त्यावर हार घातलेला नवऱ्याचा फोटो, खाली बसलेली बाई, डोक्यावर पदर, नजर जमिनीवर. फोटो हातात धरायला लावतात, मांडीवर लेकरू घ्यायला सांगतात. हीसुद्धा खूणच झाली, कॅथरीनच्या चाकासारखी. हार घातलेला फोटो दिसला की कापसाच्या शेतकऱ्याची विधवा. पण कर्ज कोणाच्या नावावर होतं, सातबारा कोणाच्या नावे झाला, पेरणीचा निर्णय आता कोण घेतं, मुलीची फी कोण भरतं, यातलं काही त्या चौकटीत मावत नाही. बाईची अक्कल चौकटीबाहेर आणि दुःख तेवढं आत!

अपवादही बघितला आहे आपण. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष अरुणा ढेरे. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण वादावादीनंतर मागे घेतलं गेलं, आणि ११ जानेवारीला उद्घाटन केलं ते वैशाली येडे यांनी. याच जिल्ह्यातल्या, शेतकऱ्याची विधवा. त्या दिवशी त्या माइकसमोर उभ्या राहिल्या आणि हजारो लोकांकडे बघून स्वतः बोलल्या. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात नजर जमिनीवर नसलेला फोटो होता. तो फोटो आणि आर्टेमिसियाची कॅथरीन माझ्या डोक्यात तेव्हापासून शेजारी शेजारी टांगलेल्या आहेत.

आर्टेमिसियाचं ते चित्र फार वर्षं कोणाला ठाऊकच नव्हतं, फ्रान्समधल्या एका घराण्याकडे ते पडून होतं. २०१७ च्या शेवटी पॅरिसला लिलावात आलं आणि २०१८ साली नॅशनल गॅलरीने ते ३६ लाख पौंडांना विकत घेतलं. पण पुढे त्यांनी जे केलं ते मला जास्त आवडलं. २०१९ साली ते चित्र लंडनबाहेर फिरायला पाठवलं, आणि तेही मोठमोठ्या म्युझियममध्ये नाही. ते ग्लासगोच्या बायकांच्या ग्रंथालयात गेलं, एका शाळेत गेलं, छोट्या गावातल्या डॉक्टरच्या दवाखान्यात गेलं आणि बायकांच्या तुरुंगातही गेलं. दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसलेल्या बाईसमोर भिंतीवर चारशे वर्षांपूर्वीची आर्टेमिसिया! आपल्या ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीत असं काही आलं तर बाया काय म्हणतील, याची कल्पना करून मी बरेचदा एकटीच हसते. ठसठशीत शेरे मिळतील एवढं नक्की.

ज्या राफाएलच्या चित्राबद्दल मी इतकं लिहिलं, ते मात्र १८३९ पासून त्या गॅलरीत आहे. इंटरनेटवर दोन्ही चित्रं मोठी करून बघता येतात. आधी पूर्ण चित्र बघा, मग हातांकडे या. दोघींचे हात चाकावर कसे ठेवले आहेत ते नीट बघा. राफाएलच्या कॅथरीनचा हात सैल आहे, विसरल्यासारखा. आर्टेमिसियाच्या हाताला मात्र आपण कशावर टेकलो आहोत ते पक्कं ठाऊक आहे.

आणि यंदा हिवाळ्यात भिशीची नाहीतर शाळेची ट्रिप गोव्याला निघाली, तर जुन्या गोव्यात गाईडला पाच मिनिटं जास्तीची मागून घ्या. पांढऱ्या चर्चमध्ये सरळ आत, वेदीच्या जवळपर्यंत जा. सोन्याचा झगमगाट आधी डोळ्यांत भरतो, तो जरा ओसरू द्या. मग कोरलेल्या चौकटींवरून सावकाश नजर फिरवत एका मुलीला शोधा. लेकरं सोबत असतील तर त्यांनाही कामाला लावा, त्यांची नजर आपल्यापेक्षा लवकर पडते. तोवर बस काही सुटत नाही!